गोमुखची वाट येऊरच्या डोळ्यांनी पाहू नका

गंगोत्री-गोमुखला निघालेले ठाणेकर सराव करतात तो येऊरच्या जंगलात, नाहीतर मामा-भांजे डोंगरावर. दमसास वाढवायला तेवढं पुरतं. नजर मात्र तिथे भलतीच तयार होते. येऊरचा डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाण्याने कापलेल्या त्याच्या दऱ्या इंग्रजी 'व्ही'सारख्या, आणि माती निघाली की खाली कातळ लागतोच. गोमुखची दरी बर्फाने कोरलेली आहे. बर्फ तळाबरोबर दोन्ही बाजूही घासत पुढे सरकतो, त्यामुळे ती 'यू'सारखी रुंद झाली आहे. तिथे पायाखाली बऱ्याचदा कातळ नसतो, हिमनदीने टाकून दिलेला राडारोडा असतो.

बर्फ मोठाले धोंडे वाहून आणतो, हे आल्प्समधल्या शिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. स्विस शास्त्रज्ञ लुई अगासीने 1840 साली त्यावर ग्रंथ लिहिल्यावर अभ्यासकांत हिमयुगाची चर्चा जोरात सुरू झाली. आपल्याकडे 1856 साली ओडिशातल्या तालचेरच्या खडकांच्या थरांत हिमनदीच्या खुणा ओळखल्या गेल्या. पुढे चंद्रपूरजवळ इरईलाही हिमनदीने ओरखडे पाडलेला चुनखडक सापडला. म्हणजे महाराष्ट्रावरही हिमनदी फिरली आहे, पण जवळपास 30 कोटी वर्षांपूर्वी.

गंगोत्रीची गोष्ट त्यामानाने कालपरवाची. आज सुमारे 30 किमी लांब असलेली ही हिमनदी एके काळी झाला नावाच्या गावापर्यंत, म्हणजे गोमुखाच्या सुमारे 40 किमी खाली, पसरली होती. ब्रिटिश सर्वेक्षक कॅप्टन हॉजसन 1817 साली तिच्या मुखापर्यंत, म्हणजे गोमुखापर्यंत, पोहोचला. 1935 साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑडेनने मुखाचा नकाशा केला. मागे हटण्याची मोजणी त्या नकाशापासून धरतात, आणि तेव्हापासून मुख दीड किमीहून जास्त मागे गेलं आहे. 

वाट गंगोत्रीपासून 18 किमी: चीरबासा 9, भोजबासा 14, आणि पुढे 4 किमीवर गोमुख. उंची 3,100 मीटरवरून जवळपास 4,000 पर्यंत चढते. सुरुवातीला देवदार, मग चीरबासा. नावात चीर (पाइनचा एक प्रकार) असलं तरी तिथली झाडं कैलाची, म्हणजे निळ्या पाइनची आहेत, चीर एवढ्या उंचीवर येत नाही. त्यापुढे भोज, म्हणजे भूर्जपत्राचं झाड. हिमनदी हटल्यावर उघड्या पडलेल्या गोट्या-रेतीत रुजणाऱ्या मोजक्या झाडांपैकी हे एक. सरपणासाठी भोज इतका तुटला की भोजबासा नावापुरतंच उरलं. 1990च्या दशकात गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथे पुन्हा लागवड सुरू केली.

वाटेवर पायाखाली लागणारा, बर्फाने आणून टाकलेला राडारोडा म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला हिमोढ. नदीचं पाणी दगड निवडून, आकाराप्रमाणे लावून ठेवतं, बर्फ तसं करत नाही. हिमोढात पिठासारखी भुकटी आणि खोलीएवढा धोंडा शेजारी शेजारी बसतात. त्यांना धरून ठेवायला काही नसतं, रात्रीची थंडी तेवढी मधलं पाणी गोठवून त्यांना चिकटवते. ऊन चढलं की पकड सुटते आणि दगड सुटायला लागतात. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर पायाखालून दगड निसटतो, इथे तो डोक्यावरून येतो. म्हणून दरडीखालचे टप्पे सकाळीच उरकावेत, तिथे फोटोसाठी थांबू नये, आणि डबा उघडायला तर मुळीच नाही. ओढ्यांचंही तेच. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी बर्फ वितळल्याने दुपारी गुडघ्यापर्यंत येऊ शकतं.

भागीरथीचं पाणी राखाडी दिसतं ते मातीमुळे नव्हे, हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे. बाटली भरून रात्रभर ठेवली तरी तळाशी थर बसतो आणि वरचं पाणी गढूळच राहतं. फिल्टर त्याने लवकर चोंदतो. प्यायला बाजूच्या स्वच्छ झऱ्याचं घ्यावं, तेही उकळून.

परवाना वन खात्याचा लागतो. दिवसाला 150 जणांचीच मर्यादा असल्याने गाडीची तिकिटं काढण्याआधी तो पाहावा. समुद्रसपाटीवरून आलेल्यांनी विरळ हवेची सवय व्हायला गंगोत्रीत निदान एक पूर्ण दिवस काढावा. उंचीमुळे अनेकांचं डोकं भोजबासाच्या रात्री दुखायला लागतं. दुखणं थांबेपर्यंत वर जायचं नाही, आणि तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.