मिठाच्या थरातून विहीर नेण्याआधी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तेलविहिरीचा आराखडा तपासायला आला की आमचा पहिला प्रश्न असतो, वाटेत मीठ आहे का? असेल तर मड वेटचा (खोदताना विहिरीत भरलेल्या जड द्रवाच्या, म्हणजे मडच्या घनतेचा) नेहमीचा तक्ता आम्ही बाजूला ठेवतो आणि हिशेब नव्याने मांडतो. त्याला वेळ लागतो, म्हणून कारण सांगणे आमचे काम आहे.

उपवासाचा सैंधवाचा खडा हातोडीने ठोकला की सरळ कडांचे तुकडे पडतात. तेच मीठ दोन-तीन किलोमीटर खोल, गरम आणि कायम भाराखाली असले की उन्हाळ्यातल्या गुळाच्या ढेपेसारखे बसत, पसरत जाते. यालाच क्रीप म्हणतात. असा पदार्थ उभा ताण जास्त आणि आडवा कमी, असा फरक फार काळ धरून ठेवू शकत नाही.

उदाहरण घेऊ. खोली 3000 मीटर, वरच्या थरांची सरासरी घनता पाण्याच्या 2.3 पट. उभा ताण सुमारे 68 मेगापास्कल येतो. तिथे साधा वाळूचा खडक असेल, छिद्रांतल्या पाण्याचा दाब नेहमीसारखा 30 च्या आसपास असेल आणि प्रभावी ताणांचे (पाण्याचा दाब वजा करून उरलेल्या आडव्या आणि उभ्या ताणांचे) गुणोत्तर 0.6 धरले, तर आडवा ताण 53 च्या जवळ. मिठात मात्र आडवाही जवळपास 68! वाळूच्या खडकाला पुरणारा मड वेट इथे कमी पडतो, भोक आवळत येते आणि पाइप अडकतो. मिठासाठी पूर्ण भाराएवढा मड वेट लागतोच असे नाही. आवळण्याचा वेग कामापुरता रोखला की भागते. पण तो वाढवलेला मड घेऊन मिठाच्या तळातून खाली उतरलात आणि पुढचा खडक तडकला, तर मड तिकडे पळतो. मीठ आणि त्याखालचा खडक शक्यतो एकाच सेक्शनमध्ये, म्हणजे खोदाईच्या एकाच टप्प्यात, घेऊ नका, हे आमचे ठाम मत आहे.

मिठाच्या कडेला गोष्ट आणखी अवघड होते. मिठाची घनता 2.16 च्या आसपास, आणि ती खोलीबरोबर फारशी वाढत नाही. भोवतालचा गाळ मात्र दबत जड होत जातो. मग मीठ वर सरकते, त्याचे घुमट होतात, मेक्सिकोच्या आखातासारख्या ठिकाणी तर आडव्या चादरी पसरतात. मिठाच्या पृष्ठभागावर घासणारा ताण टिकत नाही, त्यामुळे लगतच्या खडकातल्या ताणाच्या दिशा त्या पृष्ठभागाला काटकोनात वळतात. घुमटाच्या माथ्यावरचे थर ताणले जाऊन त्यांत भेगा पडतात. अशा जागी शेजारच्या विहिरीचे आकडे जसेच्या तसे उचलणे धोक्याचे.

मिठाच्या वरचे आणि खालचे खडकही एकमेकांपासून सुटे वागतात. सैंधवासाठी प्रसिद्ध असलेल्या पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेत याचा मोठा दाखला आहे. पोटवार पठाराचे थर खालच्या मिठावरून दक्षिणेकडे घसरत आले आहेत. उत्तर जर्मनीतही झेकस्टाइन नावाच्या मिठाच्या थराच्या वर आणि खाली ताणाच्या दिशा वेगळ्या मिळतात.

नुसती जाडी कळवून पुरत नाही. ब्राझीलच्या सांतोस खोऱ्यात 2006 साली तुपी क्षेत्र सापडले, ते सुमारे 2000 मीटर मिठाखाली. त्या मिठात हॅलाइट म्हणजे साध्या मिठाबरोबर कार्नालाइट आणि टॅकीहायड्राइट या वेगळ्या क्षारांचे पट्टे आहेत, आणि ते हॅलाइटपेक्षा कितीतरी वेगाने वाहतात. म्हणून मिठाचा माथा-तळ दाखवणारा सिस्मिक (जमिनीत सोडलेल्या लहरींवरून काढलेला) नकाशा, खोलीवरचे तापमान, मिठाचा प्रकार आणि जवळच्या लीक-ऑफ टेस्ट (खडक किती दाबाला मड आत घेऊ लागतो त्याच्या चाचण्या) पाठवा. टेस्ट मिठात झाली की मिठाबाहेर, हे जरूर लिहा.

विहीर पूर्ण झाल्यावरही मीठ थांबत नाही. केसिंगभोवती, म्हणजे विहिरीत कायम बसवलेल्या पोलादी पाइपभोवती, सिमेंट सारखे बसले असेल तर दाब चहूबाजूंनी सारखा येतो, आणि तो सोसायचा हिशेब करता येतो. एका बाजूला पोकळी राहिली तर मीठ दुसऱ्या बाजूने आधी टेकते आणि एकाच जागी रेटून पाइप चेपते. हे काही महिन्यांनंतरही घडू शकते. म्हणून सिमेंट बाँड लॉग (सिमेंट कुठे किती चिकटले त्याची मोजणी) झाला की त्याची प्रतही आम्हाला द्या. मिठाच्या पट्ट्यातला प्रत्येक मीटर आम्ही पाहतो.