भोक जागेवर आहे का?

"आमचं मशीन मायक्रॉनमध्ये मोजतं," असं कुणी ऐटीत सांगितलं की मी विचारतो, "कुठून?" भोकाची जागा कशापासून तरीच मोजावी लागते. म्हणून ड्रॉइंगवर आधी डेटम, म्हणजे मोजणीचे आधार, ठरतात: जॉब (मशीनवर बनणारा भाग) कोणत्या पृष्ठावर तीन बिंदूंनी टेकवायचा, कोणत्या बाजूला दोन बिंदूंनी भिडवायचा, कुठे एका बिंदूवर अडवायचा. हेच चुकलं तर दशांशचिन्हापुढचे आकडे नुसती शोभा. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार जरूर घाला, पण त्यानं डेटम सुधारत नाही.

माझा जीव मात्र अडकलाय चौरसात. आडवं ±०.१ मिमी, उभं ±०.१ मिमी असं लिहिलं की भोकाच्या केंद्राला ०.२ मिमी बाजूचा चौरस मिळतो. आता दोन जॉब घ्या. एकाचं केंद्र फक्त आडवं, ०.१२ सरकलंय: रिजेक्ट. दुसऱ्याचं आडवंही ०.१ आणि उभंही ०.१: पास. पायथागोरस आठवा, हे दुसरं केंद्र मूळ जागेपासून ०.१४१ मिमी लांब आहे! कमी चुकलेला भंगारात, जास्त चुकलेला गाडीत. बोल्ट तर गोल. चूक कोणत्या दिशेला झाली याच्याशी त्याला काय देणंघेणं?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यात स्टॅन्ली पार्कर यांना हेच खटकलं. नापास झालेले भाग जोडणीत बसत होते. त्यांनी चौरसाऐवजी वर्तुळ घेतलं. चौरसाच्या चारही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ५७ टक्के जास्त भरतं, आणि कोपऱ्यातल्या भोकापेक्षा जास्त चुकलेलं एकही भोक आत येत नाही.

पोझिशन, म्हणजे केंद्र मूळ जागेपासून किती चुकलंय त्याचा आकडा, काढायची तर आडव्या आणि उभ्या फरकांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, गुणिले दोन. टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायची चूक, वर्तुळाच्या व्यासात दिलेला असतो, म्हणून दोन. ते विसरून निम्मं उत्तर लिहिणारे मी पुष्कळ पाहिलेत.

टॉलरन्सशेजारी वर्तुळातला 'एम' असेल तर आणखी गंमत. 'एम' म्हणजे मॅक्सिमम मटेरियल: लिहिलेला टॉलरन्स सर्वांत लहान भोकासाठी, भोक जेवढं मोठं तेवढी वर सूट. भोक १०.० ते १०.२ मिमी, पोझिशन ०.२. भोक १०.१५ झालं, तर वरचे ०.१५ बोनस मिळून ०.३५ चालतं; मोठ्या भोकात बोल्टला सरकायला जागा असते ना! मग डेटमपासून नेमक्या जागी ९.८ मिमीची पिन रोवलेलं गेज, म्हणजे तपासणीचा साचा, पुरतं. जॉब बसला की पोझिशन पास. व्यास तेवढा वेगळा तपासायचा.

सीएमएमवरच (बिंदूंना स्पर्श करून त्यांच्या जागा मोजणाऱ्या मशीनवर) मोजणार असाल तर प्रोब, म्हणजे तिची स्पर्श करणारी सुई, तीनच ठिकाणी टेकवून उठू नका. भोक लंबगोल असलं तरी तीन बिंदूंतून बिनचूक वर्तुळ निघतंच. मी निदान आठ घेतो.