पाव किलो प्लुटोनियम, आणि बाकी सगळं

ब्रह्मास्त्र म्हणजेच अणुबॉम्ब, हा मेसेज अधूनमधून कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. पुराणातल्या वर्णनांवर वाद घालण्यात मला रस नाही. मी एवढंच विचारतो, मग कचऱ्याच्या टाक्या कुठे आहेत? प्लुटोनियमचा बॉम्ब केला की मागे काय उरतं, ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठच्या हॅनफर्डला दिसतं.

१९४३ मध्ये सरकारने हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही गावं उठवली, वानापुम आदिवासींनाही हलवलं. १९४४ च्या सप्टेंबरात ‘बी’ अणुभट्टी सुरू झाली. ट्रिनिटी या जगातल्या पहिल्या अणुचाचणीतलं आणि नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम इथलंच. पुढे भट्ट्या नऊ झाल्या. शेवटची १९८७ मध्ये थांबली.

घाण भट्ट्यांमधून आली, असं सगळे धरून चालतात. थोडी आलीच, आठ भट्ट्या थंडाव्यासाठी नदीचं पाणी घेत आणि ते पुन्हा नदीतच सोडत. पण खरं दुखणं शेजारच्या रासायनिक कारखान्यांचं आहे, आणि खरी गंमतही तिथेच आहे.

भट्टीतून निघालेल्या एक टन युरेनियममध्ये प्लुटोनियम जेमतेम पाव किलो. तेवढ्यासाठी अख्खा टन नायट्रिक आम्लात विरघळवायचा. मग त्या द्रावणात बिस्मथ फॉस्फेटचा साका पाडायचा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की तिचा साका मातीला घेऊन खाली बसतो, तसा हा साका +४ अवस्थेतलं, म्हणजे अणूमागे चार इलेक्ट्रॉन गमावलेलं, प्लुटोनियम ओढून नेतो. युरेनियमला मात्र द्रावणातलं सल्फेट विरघळलेलंच ठेवतं. साक्यासोबत थोडी किरणोत्सारी भेसळ येतेच. म्हणून तो पुन्हा विरघळवायचा आणि ऑक्सिडीकरण करून प्लुटोनियम +६ अवस्थेत न्यायचं. आता ते साक्याला धरत नाही! साका भेसळ घेऊन बसतो, प्लुटोनियम वर राहतं. मग क्षपण करून परत +४, परत साका. दोन इलेक्ट्रॉन काढायचे, दोन घालायचे, एवढ्यावर सगळा खेळ.

आणि प्रत्येक फेरीतलं उरलेलं, सुरुवातीला तर सगळं युरेनियमसुद्धा, टाकीत.

युद्धकाळात स्टेनलेस स्टीलची टंचाई होती, म्हणून टाक्यांना अस्तर साध्या पोलादाचं. आम्ल ते खाऊन टाकणार, म्हणून कचऱ्यात कॉस्टिक सोडा ओतला. पोलाद वाचलं, पण कचऱ्याचं आकारमान वाढलं आणि त्यातले धातू गाळ होऊन तळाशी बसले. किरणोत्सारी मूलद्रव्यांपैकी स्ट्रॉन्शियम मुख्यतः गाळात, सीझियम मुख्यतः वरच्या द्रवात आणि द्रव आटून बसलेल्या मिठाच्या थरात. पुढे प्लुटोनियम काढायच्या पद्धती बदलल्या, एका टाकीतलं दुसरीत गेलं. आता दोन टाक्यांची रेसिपी सारखी नाही.

अशा १७७ टाक्या, त्यांत सुमारे २१ कोटी लिटर कचरा. १४९ टाक्या एकेरी भिंतीच्या. १९७३ मध्ये त्यांतल्या टी-१०६ मधून सुमारे ४ लाख ३५ हजार लिटर द्रव जमिनीत मुरला.

उपाय म्हणजे या कचऱ्याची काच करणं, म्हणजे तो वितळलेल्या काचेत मिसळून गोठवून टाकणं. तारापूरलाही अतितीव्र किरणोत्सारी कचऱ्याची बोरोसिलिकेट काच होते, पण तिथला द्रव आम्लीच, स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत ठेवतात, त्यामुळे गाळाचं लचांड कमी. हॅनफर्डच्या काच प्रकल्पाचं बांधकाम २००२ मध्ये सुरू झालं. पहिला कचरा २०२५ च्या ऑक्टोबरात काचेत गेला, तोही कमी तीव्रतेचा, वरच्या द्रवातलं सीझियम गाळून घेतल्यावरचा. तळच्या गाळासाठीचा विभाग अजून बांधून व्हायचाय.