व्होल्ट भागिले अँपिअर: एका भागाकाराची पार्श्वभूमी

व्होल्टमीटर १२ दाखवतो, अँमीटर २. म्हणजे रोध ६ ओहम आणि शक्ती २४ वॅट. भागाकार आणि गुणाकार, काम संपले. पण व्होल्टाने १८०० मध्ये विद्युतघट जाहीर केल्यापासून १८८९ मध्ये 'वॅट' हे एकक मान्य होईपर्यंत जवळपास नव्वद वर्षे गेली. घोडे अडले ते गणितापाशी नव्हे, मोजणीपाशी. करंट घेतला तरी न ढळणारा दाब (म्हणजे व्होल्टेज) कुठून आणायचा आणि रोध कशाच्या मापाने सांगायचा, हे दोन प्रश्न आधी सुटायला हवे होते.

जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहमचे १८२५ मधील पहिले सूत्र चुकले होते. वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन करंट किती घटतो, हे तो मोजत होता. करंटमुळे चुंबकसूची किती वळते, हे डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेडच्या १८२० च्या शोधापासून माहीत होते. तेच त्याचे मोजमाप. मात्र दाबासाठी व्होल्टाचा घट होता. त्यातून करंट घेतला की पत्र्यांवर वायूचे बुडबुडे जमतात, दाब उतरतो आणि थोडा वेळ मोकळा ठेवला की पुन्हा चढतो. अशा हलत्या दाबावर घेतलेल्या आकड्यांतून ओहमने लॉगॅरिदमचे सूत्र काढले.

भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचा संपादक पोगेंडॉर्फ याने त्याला घटाऐवजी तापयुग्म वापरायला सुचवले. दोन धातूंच्या जोडांची तापमाने वेगळी ठेवली तर दाब तयार होतो, हे झेबेक या शास्त्रज्ञाने नुकतेच दाखवले होते. ओहमने बिस्मथ आणि तांब्याची जोडणी केली. एक जोड उकळत्या पाण्याच्या भांड्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ शिल्लक आहे तोवर तापमानातला फरक बदलत नाही, म्हणून दाबही बदलत नाही. या मांडणीतली हीच जागा सर्वांत सुंदर आहे. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या, सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकामागून एक जोडल्या. १८२६ मध्ये हाती आलेले सूत्र असे: करंट = a ÷ (b + x). यात x म्हणजे तारेची लांबी, a म्हणजे दाब आणि b म्हणजे तार सोडून उरलेल्या मंडलाचा (सर्किटचा) रोध.

हा b आज पाठ्यपुस्तकात मागे पडतो, पण टेबलावर तो कायम हजर असतो. १.५ व्होल्टच्या सेलचा अंतर्गत रोध ०.५ ओहम असेल आणि बाहेर १ ओहम जोडला, तर करंट १.५ नव्हे, १ अँपिअर मिळेल. सेलवर छापलेला दाब धरून भागाकार केला तर उत्तर १.५ ओहम, म्हणजे ५० टक्के चुकीचे. म्हणून व्होल्टेज नेहमी करंट चालू असताना आणि थेट रोधाच्या दोन टोकांवर मोजावे.

ओहमचे पुस्तक १८२७ मध्ये आले, पण जर्मनीत त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळायला १८४१ उजाडले.

शक्तीचा धागा वेगळा आहे. जेम्स ज्यूलने तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजले. उष्णता करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते, हा निष्कर्ष त्याने १८४० मध्ये मांडला. लेंझ हा शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे तेथेच पोहोचला. करंटला I, रोधाला R आणि दाबाला V म्हटले, तर I²R मध्ये ओहमचा नियम (V = IR) घातला की VI आणि V²/R मिळतात. पण ही तीन सूत्रे सर्वत्र सारखी नाहीत. डीसीवर मंडलाने घेतलेली शक्ती नेहमी VI असते. I²R मात्र फक्त रोधात तापणारा भाग सांगते. फिरत्या मोटरच्या V ला I ने भागून रोध काढला तर तो वेटोळ्याच्या खऱ्या रोधापेक्षा बराच जास्त येतो, कारण फिरताना मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते. एसीवर तर VI ला पॉवर फॅक्टरने (VI चा किती भाग खरी शक्ती होतो ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणल्याशिवाय वॅट मिळत नाहीत.

तापमान हाही जुनाच शत्रू. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २३० व्होल्ट, ६० वॅटच्या टंगस्टन दिव्याचा पेटलेल्या अवस्थेतला रोध २३०² ÷ ६० म्हणजे सुमारे ८८२ ओहम. थंड दिवा ओहममीटरवर याच्या दशांशाहूनही कमी दाखवतो. यात मीटर बिघडलेला नसतो. फिलामेंट सुमारे अडीच हजार अंशांनी थंड असते, एवढेच.

एककाची निकड तारायंत्राने आणली. १८५८ ची अटलांटिक केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. समुद्राखालच्या केबलमधला दोष किनाऱ्यावरून शोधायचा तर रोध अचूक मोजायला हवा, आणि प्रत्येकाचे माप एकच हवे. व्हर्नर झीमेन्सने १८६० मध्ये १ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर छेदाचा, ० अंशावरचा पाऱ्याचा स्तंभ हे माप सुचवले. पारा का? तो शुद्ध करता येतो आणि तारेसारखा ओढला-वाकवला जात नाही. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम या एककांना १८८१ च्या पॅरिस परिषदेत मान्यता मिळाली. १८९३ मध्ये शिकागोत एक ओहम दाखवणाऱ्या पाऱ्याच्या स्तंभाची लांबी १०६.३ सेंटिमीटर ठरली. पुढे क्लाउस फॉन क्लिट्झिंगला १९८० मध्ये क्वांटम हॉल परिणामात (अतिथंड अर्धवाहकावर तीव्र चुंबकक्षेत्र लावले असता) रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलताना दिसला. त्यातला मूळ आकडा सुमारे २५,८१२.८०७ ओहम. प्रमाण प्रयोगशाळांत आज ओहमची तपासणी याच आकड्यावरून होते.