भिगवणचा पट्टकादंब हिमालयावर श्वास कसा घेतो?

थंडी पडली की पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांमध्ये एकच बेत ठरतो, रविवारी पहाटे भिगवण. चार वाजता मुलांना झोपेतच गाडीत घालायचं, सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर जायचं आणि उजाडता उजाडता कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर होडीत बसायचं. उजनीच्या उथळ पाण्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले की सगळे फोन वर होतात. त्याच वेळी थोडं पलीकडे, चिखलाच्या बेटावर, बदकाहून मोठे करडे पक्षी मान पिसांत खुपसून बसलेले असतात. पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच आणि पाय पिवळे-नारिंगी. हे पट्टकादंब. होडीवाले दादा सांगतात, "साहेब, हा एव्हरेस्टवरून उडून येतो." व्हॉट्सॅपवर हीच माहिती 'ऑक्सिजनशिवाय उडणारा पक्षी' अशा मथळ्याखाली फिरत असते.

आधी एव्हरेस्टचं बघू. १९५३ च्या मोहिमेतले गिर्यारोहक जॉर्ज लोव यांनी हे पक्षी शिखरावरून जाताना पाहिल्याचं सांगितलं होतं, आणि ती गोष्ट तेव्हापासून चालत आली आहे. पुढे भारतात आणि मंगोलियात पट्टकादंब पकडून त्यांच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रं बसवली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींमध्ये सर्वांत जास्त उंची आली ७,२९० मीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे. बहुतेक नोंदी तर साडेपाच हजार मीटरच्या आतल्याच. हे पक्षी शिखरं टाळतात, खिंडीखिंडीतून, जमिनीचा चढउतार धरून जातात. विरळ हवेत उंची टिकवून ठेवायला पंखांना इतकी मेहनत पडते की दरीत उतरून पुन्हा चढणं त्यांना स्वस्त पडतं, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाचे ठोके मोजल्यावर दिसलं. प्रवासही शक्यतो रात्री किंवा पहाटे, कारण थंड हवा दाट असते आणि वारा पडलेला असतो. पाठीवर वारा घेण्याची वाट न बघता, पंख मारत, सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटरची चढाई. एव्हरेस्टचा शिक्का मारला नाही तरी हा पराक्रम तसूभरही कमी होत नाही.

'ऑक्सिजनशिवाय' हे तर साफ चूक. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण उजनीवर आणि हिमालयावर सारखंच असतं, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या श्वासात ऑक्सिजनचे रेणू निम्मे. अशा हवेत आपण दोन पायऱ्या चढून थांबतो आणि हा दोन-अडीच किलोचा पक्षी पंख मारत राहतो. पंख मारून उडण्याइतकं ऑक्सिजन खाणारं काम प्राणिसृष्टीत फार थोडं आहे. मग एवढा ऑक्सिजन येतो कुठून?

उत्तर फुप्फुसात आहे, आणि निसर्गातल्या सगळ्या रचनांमध्ये मला सर्वांत आवडणारी रचना हीच.

आपल्या फुप्फुसाला दार एकच. हवा ज्या नळीतून आत जाते, त्याच नळीतून बाहेर येते. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली दीडशे मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. जी पोचते तिला तिथे आधीचीच दोन-सव्वादोन लिटर हवा बसलेली सापडते. नवी हवा त्या शिळ्या हवेत मिसळते आणि रक्ताच्या वाट्याला येतं ते हे मिसळण. कितीही जोर लावून उच्छ्वास सोडला तरी लिटरभर हवा आत उरतेच.

पक्ष्याच्या शरीरात आपल्यासारखं श्वासपटल नसतं. त्याची फुप्फुसं लहान, घट्ट, पाठीकडच्या बरगड्यांत रुतलेली. ती जवळजवळ फुगत नाहीत की आकसत नाहीत. ते काम वायुपिशव्या करतात. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात, काही फुप्फुसाच्या पुढे, काही मागे, आणि त्यांचे फाटे काही हाडांच्या पोकळीतही शिरलेले. या पिशव्यांच्या भिंतीत रक्तवाहिन्या नावापुरत्याच, त्यामुळे वायूंची देवघेव तिथे होत नाही. छातीचं हाड खाली झुकलं की पिशव्या फुगतात, वर आलं की दबतात.

आता एका घोटभर हवेच्या मागे जाऊ. पहिल्या श्वासात ती फुप्फुसाला वळसा घालून बरीचशी मागच्या पिशव्यांत जाते. पहिल्या उच्छ्वासात बाहेर न पडता ती मागच्या पिशव्यांतून फुप्फुसात ढकलली जाते. दुसऱ्या श्वासात फुप्फुसातून पुढच्या पिशव्यांत, आणि दुसऱ्या उच्छ्वासात तिथून श्वासनलिकेवाटे बाहेर. एका घोटाला दोन पूर्ण श्वास लागतात. दरम्यान तिच्या मागून दुसरा घोट आलेलाच असतो. परिणामी पक्षी श्वास घेत असो वा सोडत असो, फुप्फुसातल्या मुख्य नळ्यांमधून हवा मागून पुढे, एकाच दिशेने वाहत राहते. बाजाची पेटी आठवा. भाता उघडताना हवा भरली जाते, मिटताना आत जाते, पण आतला दुसरा भाता हवा साठवून धरतो म्हणून सूर तुटत नाही. पक्ष्याच्या फुप्फुसात हवेचा हा सूर कधीच तुटत नाही.

नवलाची गोष्ट ही की या सगळ्या वाटेवर एकही झडप नाही. नळ्या कोणत्या कोनात फुटतात, कुठे रुंदावतात, हवेला वेग किती आहे, एवढ्यावरच ती योग्य फाट्याला लागते. हाच एकेरी प्रवाह २०१० मध्ये अ‍ॅलिगेटर या मगरीच्या जातभाईतही सापडला. न उडणाऱ्या प्राण्यातही तो आहे म्हटल्यावर ही व्यवस्था केवळ उडण्यासाठी घडली असं म्हणता येत नाही. मगरी आणि पक्षी यांच्या समाईक पूर्वजांतच तिचं मूळ असावं.

आणखी एक पायरी खोल जाऊ. फुप्फुसातल्या या समांतर नळ्यांना पॅराब्रोंकाय म्हणतात. त्यांच्या भिंतीतून केसाहून कितीतरी बारीक हवानलिका निघतात आणि रक्तकेशिका त्यांना वेढून असतात. रक्त हवेला साधारण काटकोनात भेटतं. नळीच्या सुरुवातीला भेटणाऱ्या रक्ताला ताजी हवा मिळते, शेवटी भेटणाऱ्याला वापरून झालेली. ही सगळी रक्तं एकत्र होऊन हृदयाकडे जातात. या बेरजेतला ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब, बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेतल्या दाबापेक्षा जास्त असू शकतो. सस्तन प्राण्यांना हे साधत नाही. त्यांचं रक्त वायुकोशातल्या हवेच्या दाबापुढे जाऊ शकत नाही, आणि ती हवा तर मिसळलेलीच.

हे यंत्र पट्टकादंबाची खासगी मालमत्ता नाही. शास्त्रज्ञ व्हॅन्स टकर यांनी १९६८ मध्ये घरचिमण्या आणि उंदीर यांना ६,१०० मीटर उंचीइतक्या विरळ हवेत ठेवून पाहिलं. उंदीर पोटावर पसरले, सरपटणंही त्यांना कठीण झालं. चिमण्या थोडा थोडा वेळ का होईना, उडत होत्या. त्या चिमण्या काही हिमालयातल्या नव्हत्या.

मग पट्टकादंबाचं वेगळेपण कुठे? इतर गोष्टींबरोबर त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा हा रेणू अमिनो आम्लांच्या अल्फा आणि बीटा साखळ्यांचा बनलेला असतो. अल्फा साखळीत ११९ व्या जागी पट्टकादंबाच्या सखल प्रदेशातल्या नातलगांमध्ये प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं. याच्यात तिथे अ‍ॅलनिन आहे. अ‍ॅलनिन लहान, त्यामुळे शेजारच्या बीटा साखळीतल्या ५५ व्या अमिनो आम्लाशी असलेला स्पर्श सुटतो. तो स्पर्श रेणूला ऑक्सिजन सोडण्याच्या ताठ अवस्थेत धरून ठेवायला मदत करत असतो. तो सुटला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट पकडतं आणि विरळ हवेतही भरून निघतं. शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झ यांनी १९८३ मध्ये ही कल्पना मांडली. १९९१ मध्ये माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये हाच बदल करून पाहिला, तेव्हा त्याचीही पकड वाढली. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात राहणाऱ्या एका हंसवर्गीय पक्ष्यात तोच स्पर्श तुटलेला आहे, पण पलीकडच्या बाजूने, बीटा ५५ मध्ये झालेल्या बदलामुळे. दोन पर्वतरांगा, दोन वेगळे पक्षी, आणि रेणूतला सांधा तोच!

भिगवणला हे पक्षी नीट बघायचे तर दुपारी बेटावर बघण्यापेक्षा सकाळी लवकर काठच्या शेतांकडे लक्ष ठेवा. हरभऱ्याच्या, गव्हाच्या शेतात चरून ते पाण्यावर परततात, तेव्हा पट्टे दुर्बिणीशिवायही दिसतात. वाटेत टिटवी ओरडली आणि बरोबरच्या आजींना अपशकुन वाटला, तर त्यांना जरूर समजावून सांगा. टिटवीला माणूस किंवा कुत्रं जवळ आलेलं दिसलं की ती ओरडते. तिला कुणाच्या मरणाची खबर नसते. तिच्या ओरडण्याने सावध होतात ते आसपासचे पक्षी, म्हणून तिथेच थांबा आणि हळू बोला. घुबडाला अशुभ ठरवून मारणं किंवा जादूटोण्यासाठी विकणं हे याच समजुतीचं टोक आहे आणि कायद्याने गुन्हा आहे.

पक्ष्याचा श्वास डोळ्यांनी बघायचा असेल तर लांब जायची गरज नाही. लांबून उडून आलेलं कबूतर कठड्यावर टेकलं की त्याच्या शेपटीकडे बघा. छातीचं हाड खालीवर होतं, त्या तालावर शेपटीही हलते.

भिगवणच्या सहली ज्या दिवसांत असतात त्याच दिवसांत संक्रांत येते आणि मांजाने कापलेले पक्षी गच्चीवर पडतात. मुलं मायेने त्यांना दोन्ही हातांनी घट्ट धरतात. पक्ष्याला श्वासपटल नाही, छातीचं हाड हललं नाही तर हवा आत जात नाही, म्हणून घट्ट मुठीत तो गुदमरतो. त्याला मऊ फडक्यात सैल गुंडाळा, पंख मिटलेले राहू द्या आणि छाती मोकळी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं आणि पाणी सरळ तिथे जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून त्याला पशुवैद्यांकडे न्या.