लॉगॅरिदममध्ये दडलेला घातांक

प्रोटॉनला ठरावीक आकार असतो, कारण क्वार्क-ग्लुऑनच्या सिद्धांताला स्वतःचं एक अंतर आहे. ‘एन बरोबर ४ सुपर यांग-मिल्स’ या गेज सिद्धांतात (क्षेत्रं मांडण्याची पद्धत, म्हणजे गेज, बदलली तरी भौतिक निष्कर्ष तेच राहतात अशा सिद्धांतात) तसं अंतरच नाही. जोडणीचं, म्हणजे आंतरक्रियेच्या तीव्रतेचं, मूल्य प्रत्येक ऊर्जेला तेच राहतं. म्हणून दोन बिंदूंमधला सहसंबंध (तिथल्या राशी एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत याचं माप) अंतराच्या एखाद्या घातानेच घटू शकतो. तो घातांक ऑपरेटरच्या, म्हणजे त्या बिंदूंवर क्षेत्रांपासून बनवलेल्या राशीच्या, मापन-मितीच्या दुप्पट असतो; लांबीचं प्रमाण बदललं की ती राशी किती बदलते, हे ही मिती सांगते. तीन बिंदूंच्या सहसंबंधात एक स्थिरांक तेवढा शोधायचा उरतो. खरं अज्ञात फलन चार बिंदूंपासून सुरू होतं.

एकट्या ग्लुऑनचा सहसंबंध निवडलेल्या गेजनुसार बदलतो, त्यामुळे क्षेत्रांच्या मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा ट्रेस (कर्णावरच्या घटकांची बेरीज) घ्यावा लागतो. सिद्धांतात सहा स्केलर (दिशा नसलेली) क्षेत्रं आहेत. पहिल्या आणि दुसऱ्याच्या गुणाकाराच्या ट्रेसची मिती जोडणी कितीही असली तरी नेमकी २ राहते. सहाही वर्गांच्या ट्रेसची बेरीज म्हणजे कोनिशी ऑपरेटर. त्याची मिती मात्र सरकते: पहिल्या क्रमात, म्हणजे λ च्या पहिल्या घातापर्यंत, २ अधिक ३λ/४π². इथे λ म्हणजे जोडणीचा वर्ग गुणिले रंगांची संख्या. λ = १ धरून एवढ्याच क्रमावर थांबलं तर मिती २.०७६ येते. अंतर दुप्पट केल्यावर सहसंबंध १६ पटींऐवजी सुमारे १७.८ पटींनी घटतो.

फाइनमन आकृत्यांतून, म्हणजे आंतरक्रिया पायरीपायरीने मोजायच्या चित्रांतून, हा घातांक सरळ हाती येत नाही. जोडणीच्या घातांत विस्तार केला की अंतराचा लॉगॅरिदम दिसतो आणि मितीतली वाढ त्याच्या सहगुणकात असते. घोटाळा होतो तो इथेच. समजा, फक्त पहिल्या क्षेत्राच्या वर्गाचा ट्रेस घेतला. सहसंबंधात कोनिशीचा वाटा एक षष्ठांश, बाकीचा मिती २ असलेल्या ऑपरेटरचा. सहगुणक वाचला तर कोनिशीच्या वाढीचा सहावा भाग मिळतो, आणि ही मिती यांपैकी कुणाचीच नसते! पुढच्या क्रमात चूक उघडी पडते: एकच घात असता, तर लॉगच्या वर्गाचा सहगुणक पहिल्या सहगुणकाच्या वर्गाच्या निम्मा आला असता. इथे तो या अपेक्षित मूल्याच्या सहापट येतो.

म्हणून आधी मिसळणाऱ्या ऑपरेटरांचं मॅट्रिक्स मांडून त्याची आयगेनमूल्यं, म्हणजे एकमेकांत न मिसळणाऱ्या संयोगांच्या मितीतली वाढ, काढायची. लांब ट्रेससाठी ते प्रचंड वाढतं. भौतिकशास्त्रज्ञ मिनाहन आणि झारेम्बो यांनी २००२ मध्ये दाखवलं, की रंगांची संख्या फार मोठी असताना स्केलरांसाठीचं पहिल्या क्रमाचं मॅट्रिक्स म्हणजे एका स्पिन-साखळीचं (ओळीत मांडलेल्या सूक्ष्म चुंबकांचं) हॅमिल्टोनियनच, म्हणजे तिच्या ऊर्जा देणारं मॅट्रिक्सच. मग बेथे यांनी १९३१ मध्ये चुंबकीय साखळीसाठी काढलेली पद्धत इथेही लागू पडते.