स्थलांतरित विद्यार्थी व शाळा : गुणात्मक संशोधन

परदेशातून आलेल्या कुटुंबांतील मुले नव्या देशाच्या शाळेत कशी रुळतात, काय मिळवतात आणि त्या बदल्यात काय गमावतात, याचा मुलाखती, सहभागी निरीक्षण (मुलांमध्ये वावरून केलेले निरीक्षण) व दीर्घ क्षेत्रकार्य यांच्या आधारे केला जाणारा अभ्यास. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर आशिया व लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांची संख्या वाढली, तसे अमेरिकेत या अभ्यासाला बळ मिळाले.

मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांनी स्वेच्छेने आलेले आणि गुलामगिरी किंवा प्रदेशविजयामुळे इच्छेविरुद्ध सामील झालेले, असा अल्पसंख्याकांत भेद केला. पहिल्या गटाचे उदाहरण मार्गारेट गिब्सन यांच्या अभ्यासात सापडते. कॅलिफोर्नियातील एका शेतीप्रधान गावात १९८० ते १९८२ या काळात त्यांनी पंजाबी शीख विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. फळबागांत राबणाऱ्या पालकांची ही मुले अभ्यासात नेटाने पुढे जात. मात्र त्यांच्यावर वर्गमित्र थुंकत, अन्न फेकत, बसमध्ये शेजारी बसायला नकार देत. नुसती गुणपत्रिका पाहिली असती, तर हे कोणाला कळले नसते. शाळेचे नियम पाळायचे पण ‘त्यांच्यासारखे’ व्हायचे नाही, ही पालकांची शिकवण गिब्सन यांना यशाच्या मुळाशी दिसली.

अँजेला व्हॅलेन्झुएला यांनी टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातल्या एका हायस्कूलमध्ये मेक्सिकन वंशाच्या मुलांविषयी केलेला आणि १९९९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून अस्वस्थ करणारा आहे. मुलांना शिक्षणाची आस्था नाही, अशी शिक्षकांची तक्रार होती. शाळेत आमची कोणाला पर्वा नाही, अशी मुलांची. स्पॅनिशमधील ‘एदुकासिओन’ या शब्दात आपल्याकडच्या ‘संस्कारां’चाही अर्थ येतो; त्यामुळे आपुलकीवाचून शिकवणे हे मुलांना शिकवणेच वाटत नसे. शाळा मुलांची भाषा व संस्कृती वजा करत जाते, असा निष्कर्ष व्हॅलेन्झुएला यांनी काढला. मेक्सिकोतून नुकत्याच आलेल्या मुलांचा उत्साह अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांपेक्षा अधिक असल्याचे त्यांना आढळले, हे या संदर्भात बोलके आहे.

कारोला व मार्सेलो सुआरेझ-ओरोस्को यांच्या गटाने चीन, हैती, मेक्सिको आदी ठिकाणांहून आलेल्या सुमारे ४०० मुलांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. स्थलांतराच्या काळात बहुतेक मुले आई किंवा वडिलांपासून दुरावलेली होती.

पद्धतीची एक अडचण मात्र कायम राहते. घरात नवी भाषा बहुधा मुलालाच येते. पालकांच्या मुलाखतीत दुभाषा तोच झाला, तर आईने त्याच्याविषयी सांगितलेली काळजी संशोधकापर्यंत जशीच्या तशी पोहोचत नाही.